चौथ्या रिळाला कोणी उठलं का

परल्हादा,

शनिवारी तुझा सिनेमा लावला. मीच लावला. पाचही रिळं लावली.

पाचही लावली हे काय सांगायचं, असं वाचणाऱ्यांना वाटेल. सिनेमा लावला म्हणजे सगळाच लावला. पण मला तेवढंच सांगायचं आहे. शाळेच्या अंकासाठी हेडसरांनी तुझ्यावर लिहायला सांगितलं, तेव्हा मी म्हणालो, सर, जन्म-शिक्षण-नोकरी दुसऱ्या कोणाकडून घ्या. मला त्याच्याशी बोलायचं आहे. ते म्हणाले, बोला. तर बोलतो. तू मध्ये बोलणार नाहीस, ही या बोलण्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. आणि खरं सांगायचं तर सोयीचीही.

आपण आयुष्यभर एकाच गोष्टीवर भांडलो. तू पुण्याहून सिनेमाचं शिकून आलास आणि मी हिंगोलीच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर झालो, तेव्हापासून. पुढे टॉकीज बंद पडली, तू सेनगावच्या शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालास, तरी भांडण तेच. तुझ्या ओट्यावर, संध्याकाळचा चहा मध्ये ठेवून.

"बिनगोष्टीचा शिनेमा म्हंजे बिनबोर्डाची एसटी," मी म्हणायचो. "माणूस बसंल कशाला? कुठं चालली त्येच म्हाईत न्हाई."

"लेकरू बसतंय की," तू म्हणायचास. "लेकराला कुठं जायचं अस्तंय? त्याला खिडकी पाह्यजे."

"लेकराचं तिकीट बाप काढतो, परल्हादा. आन् बापाला गावाला जायचं अस्तंय."

आतून सुशीलावहिनी ओरडायच्या, "दोघं बी उतरा आता एसटीतून. चहा निवून राहिला."

तू हसायचास आणि मग शांतपणे तुझा हुकमाचा पत्ता टाकायचास. "बरं, मला येक सांग. आपल्या हिंगोलीचं पब्लिक माझ्या चौथ्या रिळाला उठलं व्हतं का? केबिनीत तूच व्हतास."

"न्हाई."

"मग?"

मग काही नाही. तिथे मी हरायचो. कितीदा हरलो असेन, त्याला मोजदाद नाही. तुला वाटायचं, मित्र मनाचा मोठा आहे, हरलेलं कबूल करतो. मी कबूल करत नव्हतो, परल्हादा. मी दडवत होतो.

तो रविवारचा मॉर्निंग शो आठव. मालकांनी तुझ्यासाठी टॉकीज फुकट दिली होती. सेनगावहून दोन जीपा भरून माणसं आली होती. मोंढ्यातल्या अडतबाजारातले हमाल आले, सुटीमुळे कॉलेजची पोरं आली. तुझी आई नवं लुगडं नेसून मधल्या रांगेत बसली होती. सिनेमात तीच होती ना. तुझ्या पुण्याच्या मित्रांनी कॅमेरा आणला होता आणि तू तुमच्याच आंगणात, तुमच्याच हळदीत आपल्या आईला उभं केलं होतंस.

रिळांचे डबे सकाळच्या एसटीने आले. लोखंडी जिन्यावरून तू स्वतः ते वर केबिनमध्ये आणलेस. आधी लावून बघायला वेळ नव्हता. मी रिवाइंडरवर एकेक रीळ हाताने गुंडाळून तपासलं. आम्ही ऑपरेटर लोक सिनेमा असाच बघायचो, बोटांतून. जोड कुठे आहे, भोकं कुठे फाटली आहेत, गाणं कुठे, मारामारी कुठे. उजेडासमोर चौकट धरली की अंदाज यायचा. चौथं रीळ हातात घेतलं आणि थबकलो. सुरुवातीला आंगण. हळद वाळत घातलेली, मध्ये तुझी आई बसलेली. आणखी गुंडाळलं, तेच आंगण. अर्धं झालं, तेच. शेवटपर्यंत तेच. अख्खं रीळ, एक आंगण, एक म्हातारी, आणि भिंतीची सावली थोडी सरकलेली.

"ह्ये काय रे?" मी तुला विचारलं.

"बघशील की," तू म्हणालास. तुझा चेहरा घामाने डबडबला होता.

पहिल्या रिळात हळद शिजते. कढईवर पोती टाकलेली आणि वाफ. दुसऱ्यात बाया शिजलेली हळद उपसून वाळायला नेतात. लोकांनी पहिल्यांदा कौतुकाने पाहिलं. मग चुळबूळ सुरू झाली. "आरं शिजली की हळद, उतरवा आता!" कोणीतरी ओरडलं आणि अख्खी टॉकीज हसली. तू माझ्याजवळ उभा होतास. जिना उतरून बाहेर निघून गेलास. टॉकीजशेजारच्या, डेपोसमोरच्या हॉटेलात जाऊन बसलास, ते मला मागून कळलं.

तिसऱ्या रिळात घराच्या आत बाजेवर एक म्हातारा खोकत पडलेला. बाकी काही नाही. बाज, खोकला, आढ्यातून आलेला उजेड. "म्हाताऱ्याला औषिद द्या गं!" "ऑपरेटर, झोपला का बे?" शिट्ट्या सुरू झाल्या. मागच्या रांगेतल्या पोरांनी खुर्च्या आपटायला सुरुवात केली.

तू पडद्याकडे बघायचास, मी डोक्यांकडे. केबिनच्या त्या चौकोनी भोकातून मला वर्षानुवर्षं फक्त डोकीच दिसली. कोणतं डोकं कधी हलतं, कधी मान वळते, कधी माणूस उठायच्या बेतात आहे, हे मला पाठ होतं. आणि आमच्या धंद्यात त्यावर एक जुना उपाय होता. पब्लिक बिघडायला लागलं की आमचे उस्ताद एखादं रीळ सरळ उडवायचे. जत्रेतल्या तंबूत तर रोजचंच. लोकांना कळायचं नाही. त्यांना शेवट हवा असायचा.

दुसऱ्या मशीनवर चौथं रीळ चढवून तयार होतं. मी ते उतरवलं आणि पाचवं चढवलं.

आजवर मी स्वतःला दोन गोष्टी सांगत आलो. एक, मालकांनी वर येऊन सांगितलं, किसन, खुर्च्या फोडतील. मालक वर आलेच नव्हते. ते खाली तिकिटाच्या खिडकीपाशी डुलकी घेत होते. दुसरी, तुझी फजिती होऊ नये म्हणून केलं. हे खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं असं, की आदल्याच संध्याकाळी आपलं भांडण झालं होतं. माझे हात रीळ बदलत होते आणि मनात मी तुला म्हणत होतो, बघ, तुझ्या शिक्षणापेक्षा माझा डोळा खरा. त्या क्षणी मला आनंद झाला होता, परल्हादा. तो आनंद मला अजून आठवतो. त्याचीच लाज वाटते.

पाचव्या रिळात तुझी आई हळदीच्या पोत्यांवर बसून बैलगाडीने हिंगोलीच्या मोंढ्यात येते. "आरं, आपला मोंढा!" "त्यो बघ, पोत्यापाशी, आमचा मामा!" टाळ्या, आरोळ्या. सिनेमा संपला तरी टाळ्या चालूच. त्या आवाजावर तू धावत जिना चढून आलास.

"चौथ्याला कोणी उठलं का?"

"न्हाई."

"येक बी?"

"येक बी न्हाई."

तू मला मिठी मारलीस. माझे हात तेलाने काळे होते म्हणून मी ते लांब धरून उभा राहिलो. तेव्हा सांगता आलं असतं. तू हसत होतास, रडत होतास, आणि मी म्हटलं, संध्याकाळी सांगू. मग म्हटलं, उद्या.

खाली पायऱ्यांवर तुझी आई भेटली. ती थांबली. "किसना, आंगण न्हाई दावलं का रे? हळद खालीवर करून राहिले व्हते, त्ये?"

मला आजूबाजूला माणसं दिसत होती. तू मागून येत होतास. मी म्हणालो, "दावलं की मावशी. तुमचा डोळा लागला असंल."

"माजा?" तिने वळून दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "लागला असंल बाबा. लवकर उठले व्हते."

पुढचं तुला माहीत आहे. फक्त मला काय माहीत होतं, ते तुला माहीत नव्हतं. मुंबईच्या एका माणसाने कळवलं, चौथं रीळ काढा, सिनेमा कुठेतरी लावून बघतो. तू म्हणालास, "माझ्या हिंगोलीत येक माणूस उठला न्हाई. ह्यो मुंबईवाला कोण?" सिनेमा पेटीत गेला. तू पुन्हा सिनेमा केला नाहीस. मी खरं सांगितलं असतं तर तू ते रीळ कापलं असतंस का? दुसरा सिनेमा केला असतास का? का खरं ऐकून तेव्हाच मोडला असतास? माझं एक खोटं वाक्य तुझ्या पायातली बेडी होतं की तुझ्या हातातली काठी, हे मला कळत नाही. ज्या अंगावर वळतो त्या अंगाला टोचतं.

आणि दर वेळी तू विचारायचास, "त्या जागी लोकांचं काय झालं रे?"

"कोणत्या जागी?" असं मला विचारता येत नव्हतं. मी तर सिनेमा पाहिला होता! मी म्हणायचो, "शांत व्हते सगळे." तू डोळे मिटून मान हलवायचास. त्या रिळात कोणती तरी एक जागा होती, आणि ती मला ठाऊक नव्हती. मी ते रीळ बोटांनी पाहिलं होतं, त्यात जागाच नव्हती. एकदा मी आडून विचारून पाहिलं, "त्या रिळात तुला सांगायचं तरी काय व्हतं?" तू म्हणालास, "पाह्यलंस ना तू? मंग मी काय सांगू?"

नांदेडच्या दवाखान्यात, तू जाण्याच्या आधीच्या आठवड्यात, वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. तू म्हणालास, "किसन्या, लोकांचं राहू दे. त्या जागी तुला काय वाटलं व्हतं?"

इतक्या वर्षांत तू हे कधी विचारलं नव्हतंस. मी म्हणालो, "चांगलं वाटलं, परल्हादा. लई चांगलं वाटलं."

तू माझ्याकडे बघत राहिलास. मग मान खिडकीकडे फिरवलीस. म्हणालास, "चहा सांग." तुला चहा बंद होता.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. तुझ्या वैशालीने मागेच पेटीतली रिळं पुण्याला नेऊन सिनेमा कॉम्प्युटरवर उतरवून आणला होता, तुला दाखवायचा म्हणून. ते राहून गेलं. खिडक्यांना सतरंज्या लावून हॉल अंधारा केला. वैशालीने लॅपटॉप माझ्या पुढ्यात सरकवला. "काका, तुम्हीच लावा. बाबा म्हणायचे, माझा ऑपरेटर एकच." मग एका बटणावर बोट ठेवून म्हणाली, "आणि हे दाबलं की पुढं जातं. कुठं अडलं तर."

एवढंसं बटण. ना रीळ उतरवायचं, ना चढवायचं.

हॉल भरला होता. तुझे विद्यार्थी, मास्तर लोक, गावकरी, बंजारा तांड्यावरच्या काही बाया, ज्यांच्या लेकरांना तू रंग आणून द्यायचास. पहिलं रीळ गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला मोबाइलचे उजेड दिसू लागले. बाजेवरचा म्हातारा खोकत होता. आणि मी दचकलो. टॉकीजमध्ये मशीनच्या घरघरीत मला तो खोकला नीट कधी ऐकूच आला नव्हता. बाजेवर तुमच्या शेजारचे आबा होते, पण खोकला त्यांचा नव्हता. तो तुझा होता. तू आवाज दिला होतास. पहिल्या रांगेत वहिनींनी पदर तोंडाला लावला.

मग आंगण आलं.

मावशी बसून हळद खालीवर करत होती. आतून खोकला येत होता. एकदा, थांबून पुन्हा, थांबून पुन्हा. भिंतीची सावली हळदीच्या कडेला होती. हॉलमध्ये खुर्ची वाजली. एक जण वाकून बाहेर गेला. मग दोघं. मागची रांग कुजबुजायला लागली. पुढाऱ्यासारखे एक गृहस्थ फोन कानाला लावून उठले आणि "हां, बोला, बोला, इथंच बसून राहिलो," म्हणत दारातून गेले. दार उघडलं की पडद्यावर पांढरा उजेड पडायचा आणि मावशी पुसली जायची. हेडसर माझ्या कानाशी आले. "किसनराव, थोडं पुढं घ्यायचं का? भाषणं बाकी आहेत."

माझं बोट बटणावरच होतं. कधी गेलं, कळलं नाही. बोटाला सवय असते. मी वहिनींच्या डोक्याकडे पाहिलं, वैशालीच्या, मग दाराकडे. आणि म्हणालो, "न्हाई सर. ह्ये असंच आहे."

मी हात मांडीखाली दाबून धरला. लहान पोराला मास्तर बसवतात तसा. आणि करायला दुसरं काही नव्हतं म्हणून पडद्याकडे पाहिलं.

खोकला. मावशी हळद खालीवर करते. खोकला. ती एक कांडी उचलून मोडून बघते, वाळली का. खोकला. मग ती पुन्हा हात फिरवते, एक पट्टा, दुसरा पट्टा. चिमणी येऊन बसते, उडते. सावली हळदीवर चढते. मावशीचा हात चालूच आहे. आणि मला जाणवलं की बराच वेळ झाला, आतून आवाज आलेला नाही.

तिला अजून कळलेलं नाही. मला कळलं, तिला नाही. ती हळद चाळवते आहे. मला तिला हाक मारावीशी वाटली. मग तिचा हात थांबला. तिने मान वळवली नाही. फक्त ऐकत बसली. पुढच्या पट्ट्याकडे हात नेला, तो पट्टा पूर्ण केला, सगळी हळद सारखी केली, आणि मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"गेलं म्हातारं," अंधारात तांड्यावरची एक बाई म्हणाली. शेजारणीला सांगावं तशी.

परल्हादा, तुझे वडील हळदीच्या दिवसांत गेले हे मला माहीत होतं. मी खांदा दिला होता. कसे गेले, हे मी कधी विचारलं नव्हतं. तू ते सांगायला एक अख्खं रीळ घातलंस, आणि ते चौकटीत कुठेच नव्हतं, आवाजात होतं. आवाज बोटाला लागत नाही. तुझ्या सिनेमात गोष्ट नाही, असं मी आयुष्यभर बोंबललो. गोष्ट होती. मीच ती मशीनवरून उतरवून डब्यात घातली होती. आणि तू शेवटी विचारलंस, त्या जागी काय वाटलं, तेव्हा मी म्हणालो, लई चांगलं वाटलं. मग तू खिडकीकडे का वळलास, ते मला शनिवारी दुपारी कळलं. निदान असं वाटतं. आता कोणाला विचारू?

पाचवं रीळ संपलं. मावशी पोत्यांवर एकटी मोंढ्यात आली, आणि या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भाषणाला माझं नाव पुकारलं, तेव्हा मी उभा राहून सगळं सांगितलं. मॉर्निंग शो, रीळ, तुझी मिठी, पायऱ्यांवरची मावशी. मग एक जण म्हणाला, "जाऊ द्या काका. लई जुनी गोष्ट झाली." चांगल्या मनाने म्हणाला. मला ते मारल्यासारखं लागलं.

वहिनी बाहेर निंबाखाली थांबल्या होत्या. मी समोर गेलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"भाऊजी, सासूबाई शेवटपर्यंत येकच म्हणायच्या," त्या म्हणाल्या. "लेकानं माजं मरणाइतकं दुख उभं केलं आन् मी मेली झोपले. कोणी शिनेमाचं नाव काढलं की उठून आत जायच्या. मी म्हणायची, आत्या, थकल्या असाल. त्या म्हणायच्या, न्हाई गं. झोपावं का त्या वक्ताला?"

एवढं बोलून त्या वैशालीचा हात धरून गेल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या घरी वहिनींचा डबा आला नाही. एरवी रोज यायचा. आज सकाळी आला. त्याचा अर्थ मी लावत नाही.

मावशीला आता सांगता येत नाही. तिच्या नावाने इथे लिहून ठेवतो. ती झोपली नव्हती. ती पूर्ण जागी होती. जे दाखवलंच नाही, ते तिला दिसलं नाही, एवढंच.

आणि तुझं उत्तर राहिलं. तू जिना चढून धापा टाकत विचारलं होतंस. खरं उत्तर हे. चौथ्या रिळाला माणसं उठली, परल्हादा. पुष्कळ उठली. मागची रांग जवळजवळ रिकामी झाली. काही मास्तर उठले, तुझे विद्यार्थीही उठले, त्यांचा राग मानू नकोस. काही बसून राहिली. मॉर्निंग शोला लावलं असतं तरी असंच झालं असतं, बहुतेक याहून वाईट. मग आपण ओट्यावर बसून त्यावर भांडलो असतो, खरंखुरं.

पण त्या जागी, नेमक्या त्या जागी, लोकांचं काय झालं, असं विचारशील, तर ते मला सांगता येणार नाही. कोणतं डोकं हललं, कोण स्तब्ध राहिलं, मला ठाऊक नाही.

मी डोकी पाहिलीच नाहीत. मी पडद्याकडे बघत होतो.